तुम्ही कधी वाट चुकला आहात का? मोठ्या शहरांची मेट्रो, लोकल आणि बस चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महानगरांतल्या मेट्रो, लोकल आणि बससेवांचे व्यवस्थापक, नियोजक, पाट्या लावणारे आणि तिकिटाचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी

स.न.वि.वि.

माझं स्टेशन माझ्या डोळ्यांदेखत मागे पडलं, तिथून या पत्राची सुरुवात झाली. नव्या शहरात नोकरीचा पहिला दिवस होता. आदल्या रात्री नकाशा समोर ठेवून स्टेशनं मोजली होती, सहावं आपलं. फलाट बरोबर, मार्गाचा रंग बरोबर, दिशाही बरोबर. पहिली दोन स्टेशनं नीट आली आणि तिसऱ्याला गाडी थांबलीच नाही. चौथं गेलं, पाचवं गेलं. सहाव्याची पाटी खिडकीतून सर्रकन सरकली, तिच्यावरची शेवटची दोन अक्षरं तेवढी वाचता आली. डब्यात कुणाची मानसुद्धा वर झाली नाही.

गाडी जलद होती. तशी सूचना फलाटावर होती, हे मला नंतर कळलं. वेळापत्रकाच्या पाटीवर त्या गाडीपुढे एक बारीक ठिपका होता, ठिपक्याचा अर्थ पाटीच्या तळाशी छापलेला होता आणि पाटीचा तळ बाकड्याच्या पाठीआड गेलेला होता. उलट गाडी पकडून पोचले तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. संध्याकाळी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला मी हे सांगितलं. भला माणूस होता. मनापासून वाईट वाटून म्हणाला, ‘अहो, पण इथे सगळ्यांना माहीत असतं.’

हे वाक्य मी जपून ठेवलंय. नोकरीपायी आजवर चार महानगरांत बिऱ्हाड मांडलं आणि चारही ठिकाणी ते वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. तुमच्या व्यवस्थेबद्दल माझी जी काही तक्रार आहे ती एवढीच: ती माहितगारांनी माहितगारांसाठी उभी केलेली आहे. गाड्या वेळेवर येतात, स्वच्छ असतात, भाडंही परवडतं. पण जिन्याच्या पहिल्या पायरीपासून तुम्ही असं गृहीत धरता की समोरचा काल इथेच होता.

नवखा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गळ्यात कॅमेरा अडकवलेला पर्यटक येत असावा, कारण तुमची ‘नवागतांसाठी’ पत्रकं त्याच्यासाठीच छापलेली दिसतात, प्रेक्षणीय स्थळांसकट. पर्यटक चुकला तर घरी सांगायला एक किस्सा मिळतो. परीक्षेला निघालेली मुलगी चुकली तर तिचं वर्ष जातं. कुणी रुग्णालयात भेटीची वेळ संपायच्या आत पोचायला धडपडत असतो, कुणी मुलाखतीला निघालेला असतो, कुणी भाड्याचं घर बघायला. शहरात माणूस येतो तो बहुतेकदा कामाने येतो आणि पहिल्या आठवड्यातच त्याला सगळीकडे वेळेवर पोचायचं असतं. ज्या आठवड्यात चुकणं सगळ्यात महाग पडतं, नेमकं त्याच आठवड्यात त्याला काही माहीत नसतं.

आता तिकीट यंत्राकडे येते. नवखा माणूस तिथेच पहिल्यांदा खजील होतो. माझ्या मागे सात-आठ जण उभे. पडद्यावर भाषा निवडली आणि पहिला प्रश्न आला: ‘किती झोनचं तिकीट हवं?’ झोन म्हणजे काय, मला जायचंय ते ठिकाण कितव्या झोनमध्ये, आणि मी उभी आहे तो झोन धरायचा की सोडायचा? हे सांगायलाच तर यंत्र ठेवलंय, अशी माझी भाबडी समजूत. मी ‘मागे’ दाबलं. आता पर्याय आले ‘लहान पल्ला’ आणि ‘लांब पल्ला’. पल्ला कुठून पुढे लांब होतो? मागून कुणीतरी घसा खाकरला. मी बाजूला झाले, त्या गृहस्थांना पुढे जाऊ दिलं आणि त्यांची बोटं कुठे कुठे पडतात ते बघून घेतलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चार वेळा टकटक केलं, तिकीट उचललं, निघून गेले. मी तस्संच केलं. तिकीट आलं. ते चुकीचं आहे हे बाहेर पडताना फाटकाने सांगितलं, लाल दिवा लावून आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढून.

नव्या माणसाला दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक असतात: कुठे जायचंय आणि खिशात किती आहे. यंत्राने आधी ‘कुठे जायचंय?’ एवढंच विचारावं. बाकीचा हिशेब त्याचा त्याने करावा, हिशेबासाठीच यंत्रं असतात.

हे अशक्य नाही, केलेलं आहे. लंडनमध्ये बसवर २०१२ च्या डिसेंबरपासून आणि भुयारी रेल्वेवर २०१४ पासून बँकेचं नुसतं टेकवायचं कार्ड चालतं. लोक त्यातल्या टेकवण्याचं कौतुक करतात, मला त्यामागचा हिशेब आवडतो. तुम्ही जिथवर फिरलात त्यानुसार दिवसाच्या भाड्याला एक कमाल मर्यादा आहे, त्यापलीकडे कितीही फेऱ्या मारा, पैसे कापले जात नाहीत. दिवसाचा पास स्वस्त पडेल की सुटी तिकिटं, हे गणित प्रवाशाने यंत्रापुढे उभं राहून सोडवायचंच नाही. वीस वर्षं तिथे राहिलेल्याला आणि आज सकाळी विमानातून उतरलेल्याला भाडं सारखंच लागतं. माहिती नसल्याचा दंड भरावा लागत नाही.

पण त्याच लंडनमध्ये भुयारी रेल्वेत आत शिरताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं, आणि बसमध्ये फक्त चढताना. डॉकलँड्सच्या हलक्या रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर फाटकंच नाहीत, नुसतं खांबावर कार्ड वाचणारं यंत्र बसवलेलं असतं. ते दिसलं नाही आणि तुम्ही तसेच बाहेर पडलात की प्रवास अपुरा धरून कमाल भाडं कापलं जातं. बर्लिनमध्ये तर फाटक हा प्रकारच नाही, कागदी तिकीट घेऊन झाल्यावर ते वेगळ्या पेटीत घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. प्रामाणिकपणे विकत घेतलेलं, पण शिक्का नसलेलं तिकीट तपासनीसाच्या लेखी विनातिकीटच. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बाहेर पडताना काहीच करायचं नसतं. प्रत्येक शहराचा नियम आपापल्या जागी शहाणपणाचा आहे, यात मला शंका नाही. माझं म्हणणं एवढंच की तो नियम फाटकावर, डोळ्यांच्या उंचीला, एका ओळीत लिहा. ‘बाहेर पडताना पुन्हा कार्ड टेकवा.’ पाच शब्द. हे पाच शब्द मी एका शहरात शोधत होते. सापडले, नियमावलीच्या अकराव्या पानावर.

आणि तपासनीसांविषयी एक विनंती, जाता जाता. तिकीट न काढलेला माणूस आणि काढून चुकलेला माणूस, या दोघांशी बोलायचा सूर वेगळा असावा. मी चुकले होते तेव्हा तो वेगळा नव्हता.

तिकीट मिळालं, फाटक उघडलं, आता दोन जिने. एक या दिशेला, एक त्या दिशेला. दोन्हींवर शेवटच्या स्टेशनचं नाव. मला शेवटच्या स्टेशनला जायचं नाही, ते कुठे आहे ठाऊक नाही, त्याचं नाव मी आजच पहिल्यांदा वाचतेय. रोजच्या माणसाला ते नाव म्हणजे दिशा, मला ती नुसती अक्षरं. मग जिन्यापाशी थांबून भिंतीवरच्या नकाशात आधी आपलं स्टेशन शोधा, मग जायचं ते, मग त्या ओळीवरून बोट सरकवत टोकापर्यंत जा, टोकाचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा जिन्याकडे या. तोवर गाडी गेलेली असते. दिशा सांगण्याच्या या एका गोष्टीवर जगभर किती डोकी खपली आहेत ते पाहिलं तर गंमत वाटते. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनपुरतं ‘वरच्या अंगाला’ आणि ‘खालच्या अंगाला’ असं चालतं, आणि तिथल्या काही स्टेशनांना रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी तोंडं आहेत. चुकीच्या तोंडातून आत शिरलात तर आतून पलीकडे जाताच येत नाही, बाहेर येऊन पुन्हा आत जावं लागतं. लंडनमध्ये उत्तरेकडे, दक्षिणेकडे असं लिहितात. जमिनीखाली उत्तर कुठे असते ते एकदा तुम्हीच सांगा. मॉस्कोत वेगळीच युक्ती आहे: गाडी शहराच्या मध्याकडे जात असेल तर स्टेशनांची नावं पुरुषाच्या आवाजात ऐकू येतात, मध्यापासून दूर जात असेल तर बाईच्या, आणि वर्तुळाकार मार्गावर घड्याळाच्या दिशेने पुरुष नि उलट दिशेने बाई. मूळ उद्देश दृष्टिहीनांची सोय हा सांगतात. मला विचाराल तर डोळस नवख्यालाही याहून चांगली खूण मिळायची नाही, फक्त ती त्याला कुणीतरी सांगायला हवी.

सगळ्यांत साधा तोडगा टोकियोच्या यामानोते मार्गावर दिसतो. हा मार्ग गोल, ३० स्टेशनांचा. गोलाला शेवटचं स्टेशन नसतंच, त्यामुळे टोकाचं नाव लिहायची सोयच उरली नाही. म्हणून तिथे पाटीवर वाटेतल्या पुढच्या मोठ्या स्टेशनांची नावं लिहितात: शिबुया, शिंजुकूकडे. बस्स. हे गोल मार्गावरच का करायचं? प्रत्येक जिन्यावर पुढची चार-पाच मोठी स्टेशनं लिहिली तर टोकाचं नाव माहीत असायची गरजच पडणार नाही. (गोलावरून आठवलं. लंडनची सर्कल लाइन २००९ पासून पूर्ण वर्तुळात फिरत नाही, तिला एक शेपूट जोडलेलं आहे आणि गाड्या त्या शेपटापासून सुटून, एक फेरी घालून थांबतात. नाव मात्र सर्कलच. रोजच्यांना माहीत असतं.)

तुमची स्टेशनांची नावं परक्या माणसाच्या जिभेवर बसत नाहीत, यात तुमचा दोष नाही. नावं बदला असं कुणी म्हणत नाही. पण नावाला जोड देता येते. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तिथे प्रत्येक स्टेशनला एक चित्र आहे. चापुल्तेपेकला टोळ, कारण त्या नावातच टोळ आहे. पिनो सुआरेझला एका गोल देवळाचं चित्र, कारण त्या स्टेशनसाठी खोदताना ते देऊळच सापडलं. लान्स वायमन या रचनाकाराने ही पद्धत बसवली. वाचता न येणाऱ्यालाही उतरता यावं हा त्यामागचा एक विचार होता. आज तीच चित्रं परदेशातून आलेल्या, स्पॅनिश न येणाऱ्या माणसाच्या कामी येतात. टोकियोने २००४ मध्ये भुयारी रेल्वेच्या स्टेशनांना अक्षर आणि आकडा दिला. गिन्झा मार्गावरचं शिबुया म्हणजे जी ०१, गिन्झा म्हणजे जी ०९. आता नाव उच्चारता येवो न येवो, आठ स्टेशनं जायचंय आणि आकडे चढत गेले तर दिशा बरोबर, हे लहान पोरालाही कळतं. उतरत गेले की समजायचं, उलट्या गाडीत बसलोय. माझी ती पहिल्या दिवशीची फजिती आकड्यांनी टळली नसती, हे कबूल. पण तिसऱ्या स्टेशनला गाडी थांबली नाही तेव्हाच मी सावध झाले असते.

नकाशाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर जाणकार मंडळी पुष्कळ भांडली आहेत. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये लंडनच्या रेल्वेचा नकाशा सरळ रेघांत काढला, तो आधी नाकारला गेला आणि १९३३ मध्ये छापला गेला, ही गोष्ट तुम्हाला मुखोद्गत असेल. त्या नकाशाने जमिनीवरचं अंतर सोडून दिलं आणि ‘कुठे बदलायचं’ एवढंच दाखवलं. आत असलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं. पण लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं एकमेकांपासून जेमतेम पाव किलोमीटरवर आहेत, चालत पाच मिनिटं लागत नाहीत. नकाशावर ती इतर कुठल्याही दोन स्टेशनांइतकीच लांब दिसतात, आणि नवखी माणसं इमानेइतबारे तिकीट काढून जमिनीखाली जातात. उलट न्यूयॉर्कमध्ये १९७२ चा व्हिन्येल्ली या रचनाकाराचा सरळ रेघांचा नकाशा लोकांना पटला नाही, कारण त्यात सेंट्रल पार्क चौकोनी झालं होतं आणि पाणी निळं नव्हतं. १९७९ मध्ये तो गेला, आणि २०२५ मध्ये त्याच वळणाचा नवा नकाशा पुन्हा आला. म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तेव्हा दोन्ही नकाशे लावा: फलाटावर रेघांचा, बाहेर पडायच्या दारापाशी रस्त्यांचा. आणि दुसऱ्यावर ‘तुम्ही इथे आहात’ ही लाल खूण करा. त्या खुणेवर लोकांनी बोटं टेकवून टेकवून ती पुसली गेली असेल तर ती पुन्हा रंगवा. पुसलेली खूण म्हणजे किती जणांना तिची गरज पडली याची नोंदच आहे, दुसरं सर्वेक्षण करायला नको.

न्यूयॉर्कच्या २०२५ च्या आधीच्या नकाशावर जलद गाडी थांबते ते स्टेशन पांढऱ्या ठिपक्याने आणि फक्त धिमी थांबते ते काळ्या ठिपक्याने दाखवत. पाहिलंत, तिथेही ठिपकाच. पण निदान तो मोठा होता.

आता बाहेर पडणं. माझ्या मते स्टेशनचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. प्रवासी गाडीतून उतरला की तुमच्या लेखी काम संपलं, त्याच्या लेखी अजून अर्धं बाकी असतं. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला बाहेर पडायच्या वाटा दोनशेहून अधिक आहेत. चुकीच्या वाटेने वर आलात तर हव्या त्या इमारतीच्या भलत्याच अंगाला निघता आणि मध्ये रुळांचं जाळं. याच स्टेशनची एक गोष्ट मला तुम्हाला मुद्दाम सांगायचीय. २००३ च्या सुमारास तिथे मोठं बांधकाम चालू होतं, नेहमीच्या वाटा बंद होत्या, रोज जाणारेही गोंधळत होते. शुएत्सु सातो नावाचे एक सुरक्षारक्षक लोकांना वाट दाखवायच्या कामावर होते. ओरडून भागेना. तेव्हा त्यांनी रंगीत चिकटपट्टी आणि कटर घेतलं आणि तात्पुरत्या भिंतींवर स्वतःच पाट्या बनवायला सुरुवात केली. मोठाली, गोलसर कोपऱ्यांची, लांबून वाचता येतील अशी अक्षरं आणि बाण. ते काही सुलेखनकार नव्हते. पण त्यांच्या अक्षरांना पुढे त्यांचंच नाव मिळालं, शुएत्सुताई. (जपानीत ‘ताई’ म्हणजे अक्षराचं वळण, नाहीतर वाचणाऱ्यांचा उगाच गैरसमज व्हायचा.)

त्या माणसाकडे अधिकार नव्हता, अंदाजपत्रक तर नव्हतंच. पण तो दिवसभर त्या जागेवर उभा होता जिथे लोक थबकत होते. तुमच्या पाट्या कार्यालयात, स्टेशनच्या आराखड्यावर ठरतात. आराखड्यावर माणूस थबकत नाही. हातात सामान, कडेवर मूल, मागून लोंढा, अशा अवस्थेत सरकत्या जिन्याच्या माथ्यावर त्याला निवड करायला एक सेकंद मिळतो. पाटी त्या जागी हवी, आणि ती जिन्यावर पाय ठेवायच्या आधी दिसायला हवी. आणखी एक. खुणेची पाटी एकदा सुरू झाली की मुक्कामापर्यंत तुटता कामा नये. ‘रुग्णालयाकडे’ असा बाण मी दोन वळणं पाळला, तिसऱ्या वळणावर तो गायब. तिथे तीन बोगदे फुटत होते आणि भिंतीवर जाहिराती होत्या, तिन्ही बोगद्यांत, अगदी न चुकता.

बसबद्दल खरं तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. मेट्रोत निदान रूळ असतात, गाडी भलतीकडे वळत नाही. बसला नवखी माणसं घाबरतात आणि दुप्पट वेळ घालवून मेट्रोने जातात. कारणं छोटी छोटी असतात. एकाच नावाचे दोन थांबे रस्त्याच्या दोन बाजूंना, कुठला आपला? लंडनमध्ये थांब्याच्या खांबावर मोठं अक्षर असतं, तुम्हाला ‘के’ थांब्यावर उभं राहायचंय असं कुणी सांगितलं की प्रश्न मिटतो. बस थांबवायला हात करावा लागतो की ती आपोआप थांबते? मी एका थांब्यावर शहाण्यासारखी उभी राहून तीन बस जाऊ दिल्या, चौथीला शेजारच्या आजींनी हात केला तेव्हा कळलं. पुढच्या दाराने चढायचं की मागच्या? दार आपोआप उघडतं की बटण दाबायचं? उतरायचं असेल तर किती आधी कळवायचं? हे सगळं थांब्याच्या खांबावर चार चित्रांत मावतं. आणि बसच्या आत पुढच्या थांब्याचं नाव बोललं गेलं आणि दिसलं की निम्मी भीती जाते. ही सोय असलेल्या शहरात मी पहिल्याच आठवड्यात बसने फिरू लागले. नसलेल्या शहरात दीड वर्ष राहूनही मला दोनच मार्ग येत होते.

व्यवस्था कोलमडते त्या दिवशी मात्र रोजचे आणि नवखे एका पातळीवर येतात. ‘अमुक ते तमुक दरम्यान सेवा बंद आहे, प्रवाशांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा.’ अमुक आणि तमुकच्या मध्ये माझं स्टेशन येतं का, ते मला माहीत नाही. पर्यायी मार्ग माहीत असता तर तुमची घोषणा ऐकायला मी थांबले कशाला असते? अशा वेळी जुन्या माणसांचीही धावपळ होते, कारण ती त्यांच्या एकाच वाटेवर जुनी असतात. बाजूच्या मार्गावर तीही परकीच. नवख्यासाठी केलेली सोय वाया जात नाही ती याचमुळे.

तुमच्यापैकी काही जण इथवर वाचून म्हणाले असतील, अहो बाई, आता फोनवर ॲप आहे की. आहे ना, आणि मी वापरते. पण शहरात पहिला पाय ठेवलेल्या माणसाच्या फोनमध्ये बहुधा तिथलं सिम नसतं, जमिनीखाली जाळं मिळेलच असं नाही, आणि बॅटरी संपायची तिची वेळ ठरलेली असते. शिवाय ॲप सांगतं ‘तीन नंबरचा फलाट’ आणि स्टेशनवर फलाटांना आकडेच नसतात. ॲप आणि भिंत एकमेकांशी बोलत नाहीत, मग मला दोघांमध्ये दुभाषी व्हावं लागतं.

या ॲपची जन्मकथा मात्र माझ्याच बाजूची साक्ष आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या परिवहन संस्थेत काम करणाऱ्या बिबियाना मॅकह्यू परगावी गेल्या की तिथली बस-ट्रेन कशी पकडायची हे शोधताना वैतागून जात. मोटारीचा रस्ता नकाशावर चुटकीसरशी मिळतो, मग बसचा का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी गूगलकडे धरणं धरलं म्हणा, पाठपुरावा केला, आणि २००५ च्या डिसेंबरमध्ये पोर्टलंडपासून सुरुवात झाली. वेळापत्रकं देवघेव करायचा त्यातून आलेला जीटीएफएस हा साचा पुढे जगभरच्या परिवहन संस्थांनी उचलला. आज कुठल्याही अनोळखी शहरात तुमचा फोन बसची वेळ सांगतो त्याचं मूळ इथे आहे: परिवहन खात्यातलीच एक बाई दुसऱ्यांच्या शहरात नवखी झाली. आपल्या शहरात बसून तिला हे सुचलं असतं का? तिथे तर तिला सगळं माहीत होतं.

म्हणून माझ्या मागण्या फार नाहीत. नव्या गाड्या नकोत, काचेचे घुमट नकोत. दर तीन महिन्यांनी, त्याच आठवड्यात शहरात आलेली दहा माणसं शोधा. वयस्क, तरुण, तुमची भाषा येणारी, न येणारी. त्यांना दिवसाचा मेहनताना द्या. हातात एक पत्ता लिहिलेला कागद द्या, फोन काढून घ्या, आणि दहा पावलं मागून चाला. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, जीव कितीही तुटला तरी. ती जिथे थबकतील तिथे खडूने फुली मारा. संध्याकाळी फुल्या मोजा. पाटी कुठे लावायची यावर मग बैठक घ्यायची गरज पडणार नाही.

स्टेशनवर एक माणूस ठेवा, ओळखू येईल अशा रंगाच्या कपड्यांत. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१५ मध्ये तिकीट खिडक्या बंद केल्या तेव्हा खिडकीतली माणसं बाहेर फाटकापाशी येतील असं सांगितलं होतं. त्यावरचा वाद मी इथे उकरत नाही. माणूस काचेमागे बसो की काचेपुढे उभा राहो, तो शोधावा लागू नये. आणि त्याला एवढं शिकवा की ‘इथे सगळ्यांना माहीत असतं’ हे वाक्य कामावर असताना उच्चारायचं नाही.

आणि वर्षातून एकदा तुम्ही स्वतः, म्हणजे पाट्यांच्या फायलीवर सही करणारे, अशा शहरात जा जिथली लिपी तुम्हाला वाचता येत नाही. गाडी न्यायला आलेली नसावी. दुपारी तीनची वेळ घेतलेली असावी. उशीर झाला तर तो तुमच्या खात्यावर लिहिला जावा.

पुढच्या महिन्यात माझी पुन्हा बदली आहे, पाचवं शहर. त्या शहराची मेट्रो चालवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर सांगून ठेवते, पहिल्या सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला मी तिकीट यंत्रापाशी असेन. मागच्यांना ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत त्यांची बोटं बघणारी बाई दिसली की ती मीच. मदतीला येऊ नका. वही घेऊन या आणि मी कुठे कुठे थांबते ते लिहून घ्या.

आपली,
बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी एक प्रवासी